लाकडी संगणक कॅबिनेट

लाकडी संगणक कॅबिनेट म्हणजे मेजावरील संगणकाचे मदरबोर्ड, वीजपुरवठा एकक, साठवण साधने, पंखे इत्यादी भाग सामावून घेणारी, पूर्णतः किंवा मुख्यतः लाकडाची बनवलेली पेटी होय. बोलीभाषेत या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते. प्रत्यक्षात सीपीयू ही पेटीच्या आत मदरबोर्डवर बसवलेली केवळ एक चिप असते. बाजारात मिळणारी कॅबिनेटे बहुतांशी पोलादी पत्र्याची असून त्यांना ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक व काच यांची जोड दिलेली असते. लाकडी कॅबिनेट मात्र बहुधा घरगुती कार्यशाळेत, एका विशिष्ट यंत्रासाठी आणि एकच नग या प्रमाणात बनवले जाते.

पत्र्याची पेटी काही कामे कोणाच्या लक्षातही न येता पार पाडते. ती सर्व भागांना एकमेकांशी व भूतारेशी विद्युतदृष्ट्या जोडते, आतील विद्युतचुंबकीय गोंगाट बहुतांशी आतच ठेवते, आत काही पेटल्यास ज्योत बाहेर पडू देत नाही आणि वर्षाचे बाराही महिने आपले माप बदलत नाही. लाकूड यांपैकी एकही काम आपोआप करत नाही. म्हणून लाकडी कॅबिनेटची रचना ही सुतारकामाइतकीच या सुटलेल्या कामांची वेगळी व्यवस्था लावण्याची बाब आहे. दिसायला उत्तम फर्निचर असलेली, परंतु ही व्यवस्था नसलेली पेटी संगणकासाठी सदोषच ठरते.

इतिहास

विद्युत उपकरणांना लाकडी आवरण घालण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. निर्वात नलिकांवर चालणारे रेडिओ लाकडी पेट्यांतच येत आणि विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील अनेक घरांत अशी पेटी दिवाणखान्यातील मानाची वस्तू असे. या नलिका बऱ्याच तापत. त्यामुळे रेडिओची पाठ भोके पाडलेल्या पातळ पुठ्ठ्यासारख्या फळीने झाकलेली असे व तो भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये अशी सूचना असे. लाकूड आणि उष्णता यांचा मेळ घालण्याचे हे तंत्र आजच्या लाकडी कॅबिनेटमध्येही मूलतः तेच आहे.

वैयक्तिक संगणकाच्या आरंभीच्या काळात लाकडाचा वापर काहीसा अपरिहार्यतेतून झाला. १९७६ साली विक्रीस आलेला ॲपल-१ हा संगणक जोडणी पूर्ण केलेल्या फक्त एका मुद्रित मंडलाच्या स्वरूपात, ६६६.६६ डॉलर किमतीस मिळत असे. पेटी, कळफलक व वीजपुरवठ्याचे रोहित्र यांची सोय ग्राहकाने स्वतः करावयाची होती. सुमारे २०० नगच बनलेल्या या संगणकाला अनेक मालकांनी आपापल्या हातांनी लाकडी पेट्या केल्या. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयातील ॲपल-१ अशाच घरगुती लाकडी पेटीत आहे. कॅलिफोर्नियातील बाइट शॉप या दुकानातून विकल्या गेलेल्या काही नगांना हवाई बेटांवरील कोआ वृक्षाच्या लाकडाची पेटी होती. त्याच वर्षी प्रोसेसर टेक्नॉलॉजी या कंपनीने सोल-२० हा संगणक जाहीर केला. ली फेल्सेनस्टाइन यांनी अभिकल्पिलेल्या या यंत्राच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या होत्या आणि हे लाकूड बंदुकीचे दस्ते बनवताना उरलेल्या तुकड्यांतून आले होते.

पुढे पत्रा व साच्यातील प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि लाकूड मागे पडले. १९७७ च्या अटारी खेळयंत्रावरील लाकडी पट्टी तर केवळ लाकडाचा भास होती. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मापमानक आणल्यानंतर मदरबोर्ड, वीजपुरवठा एकक व पेटी वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेऊन जुळवता येऊ लागली. घरी पेटी बनवणाऱ्यालाही त्यामुळे निश्चित मापे मिळाली आणि हौशी कारागिरांची लाकडी कॅबिनेटे पुन्हा दिसू लागली. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने २०२२ मध्ये नॉर्थ हे कॅबिनेट बाजारात आणले. त्याच्या दर्शनी भागात अक्रोड किंवा ओकच्या खऱ्या लाकडाच्या पट्ट्या आहेत. सांगाडा मात्र पोलादीच आहे. लाकूड दिसावयाच्या जागी आणि धातू कामाच्या जागी ही त्यातील विभागणी घरगुती कारागिरासही अनुकरणीय आहे.

उष्णता आणि हवेचा प्रवाह

लाकूड उष्णतेचे दुर्वाहक आहे, म्हणून लाकडी पेटीत संगणक तापेल, असा समज सर्वत्र आढळतो. लाकडाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.१५ वॉट, तर पोलादाची ५० वॉटच्या आसपास असते. या आकड्यांवरून तो समज योग्यही वाटतो. परंतु पेटीच्या भिंतींतून बाहेर पडणारी उष्णता भिंतीच्या आतबाहेरील स्तब्ध हवेच्या पातळ थरांनीही अडवली जाते आणि हा अडथळा पत्र्यालाही चुकत नाही. समजा, ४५ × ४५ × २१ सेमी मापाच्या पेटीत हवा खोलीपेक्षा १० °से. ने अधिक उष्ण आहे. १२ मिमी जाडीच्या लाकडी भिंतींतून ढोबळमानाने २५ वॉट उष्णता बाहेर जाईल आणि पत्र्याच्या भिंतींतून ३३ वॉट. ४०० वॉट वीज वापरणाऱ्या यंत्रात हा फरक नगण्य आहे. उरलेली सर्व उष्णता दोन्ही प्रकारांत हवेबरोबरच बाहेर न्यावी लागते.

त्यासाठी किती हवा लागते याचाही हिशेब सोपा आहे. ४०० वॉट उष्णता घेऊन जाताना हवेचे तापमान १० °से. पेक्षा अधिक वाढू द्यायचे नसेल, तर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. १२० मिमी व्यासाचा चांगला पंखा मोकळ्या हवेत सेकंदाला २५ ते ३० लिटर हवा देतो, पण जाळी, धूळगाळणी आणि अडथळे आल्यावर हा आकडा बराच उतरतो. म्हणून अशा यंत्राला पुढून हवा घेणारे दोन व मागून हवा सोडणारा एक, असे तीन पंखे देणे सुरक्षित असते.

लाकडी कॅबिनेटमध्ये चूक होते ती भिंतींच्या जाडीत नव्हे, तर झरोक्यांत. पत्र्यात भोक पाडले की त्याची खोली एक मिलिमीटरही नसते. १८ मिमी जाडीच्या फळीतील अरुंद खाच मात्र छोट्या बोगद्यासारखी वागते आणि हवेला रोध करते. १२० मिमी पंख्याच्या पात्यांसमोरील मोकळे क्षेत्र सुमारे ९० ते १०० चौरस सेंटिमीटर असते. पट्ट्यांमधील फटींचे एकूण क्षेत्र त्याहून कमी नसावे, शक्य तर दीडपट असावे. पट्ट्यांच्या आतील कडा तिरप्या तासल्या किंवा पंख्यासमोरचा भाग मागून पातळ केला तरी पुष्कळ फरक पडतो. जाळीदार कोरीव नक्षीचा दर्शनी भाग मोहक दिसतो, परंतु तिचे मोकळे क्षेत्र क्वचितच पुरेसे भरते.

भूसंपर्कन, व्यत्यय आणि आग

मदरबोर्डच्या स्क्रूभोकांभोवती तांब्याची उघडी कडी असते. पत्र्याच्या पेटीत पितळी आधारखुंट्यांमार्फत ही कडी पेटीशी, पेटी वीजपुरवठा एककाच्या धातूच्या कवचाशी आणि ते कवच तीन पिनांच्या प्लगमधील भूतारेशी जोडले जाते. लाकडी फळीवर खुंट्या थेट ठोकल्यास ही साखळी तुटते. मदरबोर्डला वीजपुरवठ्याच्या काळ्या तारांतून भूसंपर्क मिळत राहतो, त्यामुळे संगणक चालू होतो आणि दोष लक्षात येत नाही. परंतु पुढील यूएसबी जोडणीला हात लावताना अंगावरील स्थिर विद्युतभार पत्र्यातून निघून जाण्याऐवजी जोडणीच्या तारांतून मंडलात शिरतो. हिवाळ्यात कोरड्या हवेत याचा प्रत्यय विशेष येतो.

यावरील सर्वमान्य उपाय म्हणजे लाकडी पेटीच्या आत धातूचा तक्ता व धातूची पाठ बसवणे. जुन्या, भंगारात निघालेल्या कॅबिनेटमधून मदरबोर्डचा तक्ता आणि मागील पत्रा रिव्हेट कापून काढला, तर खुंट्यांची भोके, कार्डांच्या खाचा व मागील जोडण्यांची चौकट अचूक मापात आयती मिळते. वीजपुरवठा एकक याच पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवतात. संपर्काच्या जागी पत्र्यावरील रंग खरवडणे आवश्यक असते, कारण रंग विद्युतरोधक असतो. पुढील कळा व यूएसबी जोडण्या लाकडी दर्शनी भागात असल्यास त्यांच्या धातूच्या कवचापासून तक्त्यापर्यंत वेगळी जाड तार न्यावी.

मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड यांतील जलद बदलणारे विद्युतप्रवाह रेडिओलहरी उत्सर्जित करतात. लाकूड त्यांना अडवत नाही. शेजारील रेडिओत खरखर ऐकू येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, बारीक तारेची जाळी अथवा विद्युतवाही रंग पेटीच्या आतील बाजूस लावून आणि तो तक्त्याशी जोडून हा व्यत्यय कमी करता येतो. जोड नसलेली पन्नी फारशी उपयोगी पडत नाही, आणि सुटून मदरबोर्डवर पडल्यास घातक ठरते. म्हणून ती केवळ चिकटवून न ठेवता कडेला पट्ट्यांनी दाबावी. लाकडाच्या या पारदर्शकतेचा लाभही आहे: पन्नी न लावलेल्या बाजूस वाय-फायचा ॲन्टेना पेटीच्या आत लपवता येतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता बनवलेल्या पाचपर्यंत उपकरणांना संघीय दळणवळण आयोगाच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र इतरांना व्यत्यय येऊ न देण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावरच असते.

बाहेरून ज्योत लागल्यास लाकूड साधारणपणे २५० ते ३०० °से. तापमानास पेट घेते. संगणकातील सर्वांत तप्त चिपही सहसा १०० °से. च्या आत राहते आणि पेटीतील हवा तर ४० ते ५० °से. इतकीच असते, त्यामुळे नित्याच्या उष्णतेने पेटी पेटण्याची शक्यता नाही. धोका असतो तो बिघाडाचा: सैल बसलेली वीजजोडणी, फुटलेला धारित्र, तारेची सोललेली बाजू. आयईसी ६२३६८-१ या आंतरराष्ट्रीय सुरक्षामानकात आगीला आतच रोखणाऱ्या आवरणाची संकल्पना आहे. घरगुती लाकडी पेटी अशा आवरणाचे काम करू शकत नाही, परंतु वीजपुरवठा एककाचे स्वतःचे पोलादी कवच ते काम त्याच्यापुरते करते. देखणेपणासाठी हे कवच काढून आतील मंडल लाकडात बसवण्याचा प्रयोग कधीही करू नये. २३० व्होल्टचा दाब केवळ याच कवचाच्या आत असतो, त्याबाहेर पेटीत १२ व्होल्टपेक्षा अधिक दाब नसतो, आणि एककातील धारित्र प्लग काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात. एककाच्या पंख्यासमोर व ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडणीजवळ लाकूड किमान २५ ते ३० मिमी दूर ठेवावे. जोडणीच्या तारा पेटीच्या झाकणाने दाबून वाकत असतील, तर पेटी अरुंद झाली असे समजावे.

लाकडाची निवड

महाराष्ट्रात घरगुती कारागिराच्या हाती सहज येणारे उत्तम लाकूड सागाचे होय. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील साग त्यासाठी प्रसिद्ध आहे. सागाच्या मध्यकाष्ठात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि त्याचे आकुंचन इतर कठीण लाकडांच्या मानाने कमी असते. त्याच्या फिकट रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते. स्वस्तात मिळणाऱ्या सागात रसकाष्ठाचा भाग मोठा असतो. शिसव जड, गडद व अत्यंत सुबक असून अवजारांची धार लवकर घालवते. पॅकिंगच्या खोक्यांतून निघणारे पाइनचे लाकूड पहिल्या प्रयत्नासाठी चांगले, पण त्यात गाठी फार आणि ते नखानेही दबते.

अखंड लाकडाऐवजी १२ मिमी प्लायवूडचा सांगाडा करून त्यावर सागाचे किंवा अक्रोडाचे व्हिनिअर चिकटवणे, हा व्यवहारात बहुधा सर्वांत शहाणा मार्ग ठरतो. जाणकार सुतार त्याला हिणकस मानत असले तरी संगणकाच्या पेटीत प्लायवूडचे माप टिकवण्याचे सामर्थ्य अखंड फळीपेक्षा मोलाचे आहे. एमडीएफ सपाट व स्वस्त असते, परंतु त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि ओल लागल्यास ते फुगते ते पुन्हा बसत नाही.

लाकडी पेटी फार जड होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. ०.८ मिमी पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६.३ किग्रॅ. भरते, १२ मिमी प्लायवूडचे सुमारे ७ किग्रॅ. आणि तितक्याच जाडीच्या सागाचे ७.८ किग्रॅ.

लाकडाची हालचाल

मदरबोर्डची मापे ठाम असतात; लाकडाची नसतात. हवेतील दमटपणानुसार लाकूड पाणी शोषते व सोडते आणि त्याबरोबर तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत साग वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. यावरून, उन्हाळ्यात ८ टक्के आर्द्रांश असलेली ३०० मिमी रुंदीची सागाची फळी पावसाळ्यात १४ टक्क्यांवर गेली, तर तिच्या कापणीप्रमाणे ती दीड ते साडेतीन मिलिमीटर रुंदावेल. कोकण किनाऱ्यावर असा फरक सहज पडतो. विदर्भात उन्हाळा आणि पावसाळा यांतील तफावत त्याहूनही तीव्र असू शकते. मागील जोडण्यांच्या चौकटीत अर्ध्या मिलिमीटरची चूकही खपत नाही, हे लक्षात घेता अखंड फळीवर मदरबोर्ड थेट बसवणे का टाळावे ते स्पष्ट होते.

संगणकाच्या बाबतीत यात आणखी एक गुंतागुंत आहे. चालू यंत्राची उष्ण हवा फळीची आतील बाजू वाळवत असते, त्याच वेळी बाहेरची बाजू पावसाळी हवेत ओलावा घेत असते. परिणामी आतील पृष्ठ आकसते, बाहेरील फुगते आणि फळी बाहेरच्या अंगाला फुगीर होऊन वाकते. बाजूचे झाकण कोपऱ्यांत बसेनासे होण्याचे कारण बहुधा हेच असते. अनेक कारागीर बाहेरून चार-पाच हात पॉलिश करतात आणि आतली बाजू कोणाला दिसत नाही म्हणून कोरीच सोडतात. हा दोष त्याने दुणावतो. आत-बाहेर सारखेच लेप देणे हा फळी सरळ ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रचनेत हालचालीला वाव ठेवण्याचे मार्ग सुतारकामात पूर्वापार आहेत. दाराच्या दिल्ह्याप्रमाणे फळी चौकटीच्या खाचेत न चिकटवता सैल बसवावी, म्हणजे ती चौकटीला न फाडता फुगते-आकसते. धातूचा तक्ता लाकडाला एका कडेने गोल भोकांतून पक्का करावा आणि दुसऱ्या कडेला स्क्रूसाठी लांबट भोके ठेवावीत. पेटीच्या चारही भिंतींत लाकडाचे तंतू एकाच दिशेने फिरवले, तर त्या सर्व एकत्रच रुंदावतात व कोपऱ्यांवर ताण येत नाही. घेतलेले लाकूड ज्या घरात पेटी राहणार तेथेच दोन-तीन आठवडे, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवावे. वखारीतून आणलेली फळी त्याच दिवशी कापणे ही अखंड लाकडाच्या कामातील सर्वांत महाग घाई होय.

मापे

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० × १७० मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि पूर्ण एटीएक्स ३०५ × २४४ मिमी मापाचा असतो. मागील जोडण्यांची चौकट तिन्हींत १५८.७५ × ४४.४५ मिमी इतकीच असते आणि कार्डांच्या खाचांमधील अंतर २०.३२ मिमी. मदरबोर्डखाली किमान सव्वासहा मिलिमीटर मोकळी जागा लागते, कारण खालच्या बाजूने डाखलेल्या तारांची टोके बाहेर आलेली असतात. एटीएक्स वीजपुरवठा एककाचे मागील तोंड १५० × ८६ मिमी असते, खोली मात्र उत्पादकागणिक बदलते. १२० मिमी पंख्याची स्क्रूभोके १०५ मिमी अंतरावर येतात.

ही मापे पाठ असली तरी केवळ कागदावरून कापणी करू नये. बंद पडलेला, त्याच मापाचा एखादा मदरबोर्ड मिळवून त्याचा साचा म्हणून उपयोग करणे उत्तम. स्क्रूंच्या बाबतीतही दक्षता लागते: संगणकात इंचातील ६-३२ आणि मेट्रिक एम-३ असे दोन प्रकारचे आटे वापरात आहेत. दोन्ही पहिल्या फेऱ्यात एकमेकांत शिरतात आणि दुसऱ्यात आटे मोडतात.

बांधणी

काम मागील पत्र्यापासून पुढे यावे. तक्ता, पाठ, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा एकक मेजावर प्रत्यक्ष जुळवून, भोवती किती जागा लागते ते मोजून मगच लाकूड कापावे. आधी सुंदर पेटी बनवून तिच्यात यंत्र कोंबण्याचा उलटा क्रम अनेक अपुऱ्या राहिलेल्या कॅबिनेटांच्या मुळाशी असतो.

फळ्या रंध्याने सपाट करून गुण्याने काटकोन तपासतात. कोपऱ्यांसाठी डव्हटेल सांधा सर्वांत मजबूत आणि दिसायलाही सर्वांत देखणा, पण त्याला सराव लागतो. ४५ अंशांत कापून जोडलेल्या कोपऱ्यात फळीची कड दिसत नाही. तथापि तो सांधा नुसत्या सरसावर टिकत नसल्याने आतून लाकडी पाचर अथवा चौकोनी पट्टी द्यावी लागते. प्लायवूडसाठी खाच पाडून बसवलेला साधा सांधा पुरेसा असतो. साग तेलकट असल्यामुळे त्यावर सरस नीट धरत नाही. म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी, सांध्याची जागा ॲसिटोनने पुसून मग सरस लावतात. शिकंज्यात आवळताना दोन्ही कर्णांची लांबी मोजून सारखी आली की पेटी काटकोनात आहे असे समजते.

झाकण वारंवार उघडावे लागते. लाकडात फिरवलेला स्क्रू पाच-सहा वेळा काढघाल केल्यावर सैल होतो, म्हणून लाकडात आटे असलेली पितळी नळी कायमची बसवून तिच्यात यंत्रस्क्रू फिरवावा. पंखे व फिरत्या चकत्यांचे साठवण साधन लाकडाला थेट न बसवता रबरी वायसरवर बसवले नाही, तर मोठी फळी वाद्याच्या पेटीप्रमाणे त्यांची घरघर वाढवते. पंखे पत्र्यावर असोत वा लाकडावर, हे वायसर स्वस्त आणि परिणामकारक आहेत.

सर्व भाग एकदा जुळवून, संगणक चालवून, तापमान पाहून झाल्यावर यंत्र पुन्हा पूर्ण बाहेर काढावे लागते. हा टप्पा कंटाळवाणा असल्याने गाळला जातो. परंतु पॉलिश पेपरची बारीक धूळ पंख्यांत व जोडण्यांत शिरली, तर ती काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि पत्रा कानसताना उडालेला लोखंडी कीस तर मदरबोर्डवर थेट लघुपथन घडवतो.

पृष्ठसंस्कार

पॉलिशची प्रत लेपापेक्षा घासकामावर ठरते. ८० किंवा १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने आरंभ करून १८०, २२० व शेवटी ३२० पर्यंत, नेहमी तंतूंच्या दिशेने घासतात. क्रमांक गाळल्यास आधीचे ओरखडे राहतात व ते पॉलिशखाली ठळक दिसतात. २२० नंतर ओल्या फडक्याने पृष्ठ पुसून वाळू दिल्यास दबलेले तंतू उभे राहतात. ते ३२० ने कापून काढावेत. भोके व फटी लांबीने भरून घ्याव्यात. लांबीत लाकडाच्या रंगाचा भुसा मिसळला तर डाग कमी जाणवतात.

लाखेचे पॉलिश, ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, घरगुती कार्यशाळेस सर्वांत सोयीचे आहे. लाखेच्या किड्याच्या स्रावापासून मिळणारी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या गोळ्यावर सुती कापड गुंडाळून, पातळ थरांवर थर चढवले जातात. लेप मिनिटांत सुकतो, ओरखडा पडल्यास त्याच जागी पुन्हा लावता येतो आणि सागाच्या तेलकटपणाचाही त्याला अडथळा होत नाही. उणीव अशी की तो ७५ ते ८० °से. ला मऊ पडतो आणि पाण्याचा वा गरम कपाचा डाग लगेच धरतो. ग्राफिक्स कार्डाच्या अगदी समोरच्या पृष्ठावर म्हणून तो शेवटचा लेप नसावा. टिकाऊपणासाठी मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचे लेप वापरतात. सागावर काही तेलयुक्त लेप आठवडाभर चिकट राहतात. आधी लाखेचा एक पातळ हात मारून घेतला की ही अडचण सहसा दूर होते.

लाख किंवा लॅकर यांचे काम मुंबई व कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये न करणेच श्रेयस्कर. झपाट्याने उडून जाणारा द्रव पृष्ठ थंड करतो, त्यावर हवेतील बाष्प साचते आणि लेप पांढुरका, ढगाळ होतो. काम अडलेच, तर ते दुपारच्या कोरड्या उघडीपीत करावे.

जवसाच्या तेलाने लाकडाचा रंग खुलतो, पण त्याबरोबर एक गंभीर धोका येतो. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सुकते व त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकी काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतात. कार्यशाळेतील आग बहुतेकांना ठिणगीशी जोडावीशी वाटते. ही आग कोणीही जवळ नसताना, रात्री लागते. फडकी उघड्यावर सुटी पसरून पूर्ण वाळू द्यावीत, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

लेप हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दिवस लागतात: लाखेला दोन-तीन, पॉलियुरेथेनला सुमारे आठवडा. तोवर यंत्र आत बसवू नये.

आरोग्य

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. प्लायवूड व एमडीएफ यांच्या सरसातील फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात येते. सागाची व शिसवीची धूळ काहींच्या त्वचेवर पुरळ आणते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ प्रतीचा मुखपट्टा लागतो आणि घासकाम शक्यतो घराबाहेर करावे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनची फवारणी घरी करू नये: त्यातील आयसोसायनेट संयुगांनी दमा जडू शकतो आणि त्यांना हा मुखपट्टा रोखत नाही.

निगा

लाकडी कॅबिनेट भिंतीपासून किमान १० सेमी दूर ठेवतात. बंद कपाटात किंवा थेट उन्हात ठेवत नाहीत. धूळगाळणी महिन्यातून एकदा साफ करावी लागते, कारण गाळणी तुंबली की सर्व पंख्यांचा हिशेब कोलमडतो. भूसंपर्काची साखळी प्लग काढलेल्या स्थितीत, मागील पत्रा आणि प्लगची भूपिन यांच्यात बहुमापीने तपासतात. रोध एक ओहमहून कमी आला पाहिजे. स्क्रू पहिल्या वर्षी दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, पाहावेत. पावसाळ्यात घट्ट बसू लागलेले झाकण लगेच तासू नये. तेच झाकण मार्चमध्ये सैल होते.